बाळंतिणीच्या दाराशी बसलेले शिपाई

मंडळी, नाम घेऊन झालं, आता जरा सरकून बसा आणि एक सांगा. आपल्याच घरचं माणूस शत्रूची राखण करायला लागलं, तर त्याला काय म्हणाल? फितूर. बरोबर? म्हणाल आणि मोकळे व्हाल. पण ते फितूर झालं कसं, हे कोणी विचारतं का?

ऐका. संगमेश्वराकडच्या द्वारकाबाई गुरव. शंकराला बेल वाहिल्याशिवाय चहासुद्धा नाही. साठीत पोटात गाठ निघाली – कॅन्सर. केमोचे दोन डोस झाले आणि तिसऱ्याला बाई अडून बसल्या. लेक शैला विनवून थकली. बाईंचं एकच, "माझ्याच रक्तातल्या पेशी म्हणे गाठीला राखतायत. शरीरच बेइमान, मग त्याला औषध कशाला?"

तरुण डॉक्टरीण, रेवती तिचं नाव, खुर्ची ओढून शेजारी बसली. "आजी, रागावण्याआधी त्यांची बाजू ऐका."

"बोलतात का त्या?"

"नाही ना. म्हणून मी वकील."

मग ती सांगू लागली, "हाडांच्या मगजात या पेशी जन्मतात. मोठं व्हायचं, जंतूंशी लढायचं, हे त्यांचं काम. जखम झाली की हाक येते, भरली की थांबते. गाठ मात्र हाक थांबवतच नाही. मगज तरी काय करील? अर्धवट वाढलेल्याच पाठवतो."

मंडळी, मिसरूड फुटलं नाही आणि लढाईवर! त्यात राहायचं गाठीच्या गावात, प्यायचं तिचंच पाणी. पोरं बदलली. गाठीशी लढायला आलेल्या खऱ्या शिपायांच्या ताटातलं आधीच फस्त करू लागली, त्यांना निजवू लागली. काही तर गाठीसाठी रक्ताच्या नव्या वाटा खोदू लागली. संगत – दुसरं काय?

बाईंनी विचारलं, "पण शिपायांना गप्प करायची विद्या यांना शिकवली कोणी?"

"ती जुनीच आहे. शैलाताई तुमच्या पोटात होत्या, तेव्हा अर्ध्या वडिलांच्या, म्हणजे शरीराला परक्याच. शिपाई अंगावर गेले असते. तेव्हा अशाच पेशींनी त्यांना थोपवलं."

हे ऐकता ऐकता द्वारकाबाई मनानं दूर निघून गेल्या. कुठे गेल्या असतील? चाळीस वर्षं मागे, माहेरी. बाळंतिणीची काळोखी खोली, ओवा-बाळंतशेपांची धुरी, आणि दाराशी पाटावर बसलेली काशीआत्या. कोणी मोठ्यानं बोललं की बोट ओठांवर – "हळू रे मेल्यांनो, पोर निजलीय." खोतालासुद्धा तिनं अंगणातूनच परत धाडलं होतं. आता ती आत्या नाही, ते दारही नाही. धुरीचा वास तेवढा बाईंच्या नाकात राहिलेला.

"अगो, मग ही काशीआत्याच की," बाई म्हणाल्या. "पाळण्यात चोर निजलाय, आणि ती बिचारी दाराशी बसून माझ्याच शिपायांना दटावतेय."

"तसंच. औषधानं गाठ लहान झाली, तर तिची हाकही कमी होईल. त्या पेशींना थेट वळवणारी औषधं अजून शोधतायत. वचन नाही देत, आजी."

"वचन देवाकडे मागेन. तू सुई दे."

हात पुढे झाला. सुई टोचली तेव्हा दुसरा हात पोटावर ठेवून बाई हळूच म्हणाल्या, "आत्ये, ऊठ आता. पोर मोठी झाली."

शैलानं तोंड खिडकीकडे फिरवलं.

मंडळी, तुमच्याही घरातलं कोणी चुकीच्या पाळण्याशी बसलं असेल. भाऊ असेल, लेक असेल. त्याला दगड मारायला गाव आहे. पण त्यानं एके काळी तुमच्यासाठी काय राखलं होतं, हे आठवणारं कोण आहे? डोळे मिटा. आधी त्याचं नाव घ्या. मग देवाचं घेऊ.