पाच पाटांबाबत

रत्नागिरी, तारीख २१ मे १९३६, गुरुवार.

माझे नाव गोदाबाई. नवऱ्याचे नाव मी तोंडाने घेत नाही, ते कागदावर लिहून दिले आहे: लवू मयेकर, मयत. वय अंदाजे चाळीस, धंदा जाळी विणणे व सुकी मासळी विकणे, राहणार मिऱ्या. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

काल सकाळी मी विहिरीवरून पाणी आणले, चुलीवर पेज ठेवली आणि खळ्यात सुकट पसरली. माझा मुलगा धोंडू, वय वीस, कावळे हाकत होता. सुकटीला मी त्याला हात लावू देत नव्हते. मासळीच्या हाताने पत्ते चिकटतात. डोक्याला तेल लावणेही त्याने महिनाभर सोडले आहे.

धोंडू मुंबईस साहेब लोकांच्या एका क्लबात बशा उचलतो. तेथे पोकर नावाचा खेळ चालतो. पत्ते वाटण्यास वेगळा माणूस ठेवतात, तो स्वतः खेळत नाही. रजेत हात बसवून ये, मग ती जागा तुला देतो, असे मॅनेजरने त्यास सांगितले आहे. जागा न मिळाल्यास जाता यावे म्हणून त्याच्या मामाने त्याचे नाव मोठ्या आगबोटीवर खलाशी म्हणून घालून ठेवले आहे. तो समुद्रावर नोकरीस जाऊ नये, एवढेच मला हवे आहे. पावसाळ्याआधीची मुंबईची शेवटची बोट शनिवारी सुटते.

पेज झाल्यावर आम्ही रोज ओटीवर घोंगडी अंथरून तिच्याभोवती पाच पाट मांडत असू. धोंडू पत्ते पिसून डावीकडून वाटी. पान घोंगडीलगत सरकत पाटाशी थांबले पाहिजे, वाटेत उलटले तर सगळे गोळा करून पुन्हा पिसायचे. डाव संपला की हातात काही लपवले नाही म्हणून दोन्ही तळवे उघडे करून दाखवायचे. पैशांच्या जागी चिंचोके होते. पाटांवर कोणी बसत नसे.

कोणी पाने बदलली, कोणी टाकली, हे वाटणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते. म्हणून पाटांना नावे दिली होती आणि मी सर्वांच्या वतीने बोलत असे. "आप्पा दोन बदलतो. केरू टाकतो. काशीराम वाढवतो. रघू बघतो." केरूला धीर नव्हता, म्हणून त्याला मी लवकर टाकायला लावी. आप्पा हट्टी, तो शेवटपर्यंत राही. धोंडू हसून म्हणे, "आये, आप्पाकाकाच्या हातात काय नाय, तरी कसा बसलाय बघ." पाचव्या पाटाचे नाव मी घेत नसे. "आता ह्यांचं पान," एवढेच म्हणे. ते पान धोंडू जरा हळू सरकवी. तसे करू नको, सगळ्यांना सारखे वाट, असे मी त्यास बजावले होते.

शेजारी भिकाजी हा अलोऱ्याकडचा, गेल्या वर्षी आमच्या वाडीत राहायला आला. गडग्यापलीकडून तो मागे एकदा म्हणाला, "काय गो वैनी, दुपारचे पाच-पाच बापये कोण येतात तुझ्याकडे?" मी म्हटले, "घरचेच." त्याने जुगाराची खबर दिली, असे नंतर समजले.

काल जेवणाआधी डाव मांडलेला असताना हवालदार आले. त्यांनी पत्ते व चिंचोके जप्त केले आणि धोंडूस नेले. आप्पा, केरू, काशीराम, रघू व नाव माहीत नसलेला एक, असे पाच इसम परसातून पळून गेले, असे त्यांनी लिहिले. "त्यांना हजर कर, मग पोराचं बघू," असे मला सांगितले. मी म्हटले, ते यायचे नाहीत. त्यांनी 'यावयास नकार' असे लिहिले. ते मला वाचता येते. मी जाळ्याच्या दुकानातल्या रद्दीवर वाचायला शिकले.

हवालदार देशावरचे आहेत, त्यांना माहीत नाही. आमच्या वाडीला माहीत आहे. आप्पा, केरू, काशीराम, रघू आणि धोंडूचे वडील हे पाचजण आठ वर्षांपूर्वी शिमग्यानंतर एकाच मचव्यातून जयगडच्या बाजूला गेले. मचव्याची एक फळी मिळाली. दुसरे काही मिळाले नाही.

धोंडूला शनिवारच्या बोटीवर जाऊ द्यावे. मुंबईपर्यंतचा तेवढा समुद्रावरचा प्रवास मी सोसते.

हा जबाब मला वाचून दाखवत होते. मी तो मागून घेतला आणि बोट ठेवून स्वतः वाचला. सांगितले तसाच आहे. अंगठा न देता सही करते. हवालदारांनी इसम हजर करण्यास सांगितले होते. म्हणून आज सकाळी मी पाचही पाट धुतले, पुसले आणि डोक्यावर घेऊन येथे चौकीवर आले. ते बाहेर ओट्यावर मांडले आहेत.

सही: गोदाबाई मयेकर