लेकीचा वाढदिवस

एटीएमच्या रांगेत दोघी बहिणींची मघापासून जुंपली होती. थोरलीच्या तर नाकाच्या शेंड्यावर राग.

"बाबांनी कार्ड तुझ्याच हातात दिलं ना?"

"मग? लाडकी आहे मी. म्हणाले, पिन सोपा आहे, लेकीचा वाढदिवस."

"जा राणीसाहेब, नंबर आला तुमचा."

"अगं ताई, चुकीचा पिन म्हणतंय!"

"डोळे उघडे ठेवून टाक."

"दोनदा टाकला. आता चुकला तर कार्ड बंद. बाबा तिकडे चष्म्याच्या दुकानात खोळंबलेत!"

"सरक. माझा वाढदिवस टाकते."

"तुझा कशाला असेल?"

मशीन घरघरलं. नोटा बाहेर आल्या. थोरलीने त्या अगदी सावकाश उचलल्या.

"ताई, यात पिन बदलायचं बटण कुठंय गं?"