पायाचा अंगठा

निघोजेहून निघालेल्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोघींचं बोलणं कानावर पडलं, तशी सईने फोनवरचं गाणं बंद केलं.

"जाईमावशी, गेला होतात मग भीमराजच्या बाप्तिस्म्याला?"

"जाणार न्हवते. ते टायवाले दोघं मॉर्मन मिशनवाले घरी आले, की मी मुद्दाम चहाच ठेवायची पुढ्यात. त्यांना चालत न्हाई ना."

"मग?"

"लेक पाण्याला भितो माझा. म्हटलं, लांबूनच बघू. हौदात आख्खा माणूस बुडवतात, जरा काही वर राहिलं की परत. पहिल्यांदा गुडघा राहिला, दुसऱ्यांदा कोपर."

"तिसऱ्यांदा?"

"पूर्ण बुडाला का ते बघायला दोन साक्षीदार असतात काठावर, ते म्हणाले, झालं. पण मला अंगठा दिसला होता वर."

"गप्प बसायचं. तुम्हाला कुठं पटत होतं?"

"पटत न्हाई आजूनबी. पण एवढा भीत भीत उतरलाय, तर अर्धवट कशाला? उभी राहिले न् म्हटलं, अंगठा राहिलाय, परत घ्या."

"घेतलं?"

"घेतलं की. नाकातोंडात पाणी, पण हसत वर आला. साक्षीदारांकडं बघितलंच न्हाई त्यानं. मला इचारतो, आई, आता झालं का?"

"काय म्हणालात?"

"म्हटलं, आता झालं. पार अंगठ्यापर्यंत."