आमच्या बोर्डावरचा ख्रिसमस

माझ्या बोर्डाचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? कॅनडातून शिकून परत आले, तेव्हा बहारीनमध्ये, गुदैबियात काकांच्या बेकरीबाहेर 'ख्रिसमस केक सेल' असा बोर्ड होता. मी म्हटलं, "काका, एकाच धर्माचं नाव कशाला? कुणाला परकं वाटेल." आणि ख्रिसमस पुसून 'हॉलिडे' लिहिलं.

सोळा-सतरा डिसेंबरला बहारीनच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी झाली. त्यानंतर गिऱ्हाईकच येईना. साठ प्लम केक तसेच पडून.

शेवटी बुसैतीनच्या उम्म युसुफ आल्या. घरी काम करणाऱ्या फिलिपिनो बाईसाठी त्या दरवर्षी इथूनच केक नेतात. "सुट्टी तर खलास, मग सेल कसला? यंदा ख्रिसमसचा केक मफी, नाहीच?"

काका म्हणाले, "आहे ना. पुतणी म्हणाली, नाव लिहिलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

उम्म युसुफनी माझ्याकडे पाहिलं. "बेटी, मग आमच्या ईदला काय लिहिणार?"

"आणि आपल्या बुद्धपौर्णिमेला?" काका म्हणाले. "नुसती पौर्णिमा?"

मी खडू उचलला आणि पुन्हा 'ख्रिसमस' लिहिलं.

समतेचा माझा हट्ट अजून तसाच आहे. आता सगळ्यांचे सण नावानिशी लिहिते, आणि काका मोठा बोर्ड शोधतायत.