भिमाजीचा डावा बूट

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगता का ताई — माल विकणाऱ्यावर, का माल वाटणाऱ्यावर? हसू नका, खरंच विचारतोय. पुण्याहून तुम्ही एवढ्या लांब नगरला आलात, गनीभाईचं दुकान कुठंय विचारत अख्खा बाजार पालथा घातलात, कशासाठी, तर गडावर आपली ओझी वाहणाऱ्या माणसांना काहीतरी कामाचं द्यावं म्हणून. बरं वाटलं मला. बसा ना, ते खोकं खाली ठेवा आणि स्टूल घ्या. फक्त हातातले गॉगल परत ठेवा — अहो, माझाच माल, पण नका घेऊ. मागं एका ग्रुपनं वाडीतल्या सगळ्यांना गॉगल वाटले होते. गडाची वाट जंगलातली, सावलीची, तिथं गॉगल काय करायचा? पुढच्या जत्रेला गेलो तर एक गडी गॉगल लावून तमाशाला बसलेला, रात्रीचा. म्हटलं, काही दिसतं का रे? तर म्हणाला, न्हाई दिसत शेट, पर मी लई दिसतोय.

तर कामाचं सांगतो. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, पण साध्या सेलवरची — चार्जिंगवाली शोभेला बरी, वाडीत लाइट गेली की तिचा दगड होतो. सेल किराणा दुकानात मिळतो. रेनकोट घ्यायचा तर हा मागून लांब असलेला. का? तर पाठीवर तुमची सॅक असते, साधा रेनकोट तिच्यावरून येतच नाही, मग तो बिचारा आपला रेनकोट काढून सॅकवर टाकतो आणि स्वतः भिजतो. डोळ्यांनी बघितलंय मी. गुडघ्याचे पट्टे घ्या, चढताना नाही लागत, उतरताना ओझं गुडघ्यावर येतं. आणि एक भेट जवळजवळ फुकटातली — फोटो. तो तुमचे फोटो काढतो, तुम्ही सांगाल त्या कड्यावर उभं राहून काढतो, पण त्याच्या घरात त्याचा एकट्याचा फोटो नसतो. कागदावर छापून द्या. भिंतीवर लावतात, मी जाऊन आलोय त्या घरांत.

हे कुठं शिकलो म्हणता? शाळेत नाही, शाळा चौथीत सुटली. राजूरच्या आठवडे बाजारात चपला विकायचो मी, सायकलला गोणी बांधून, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा नाही बघायचो, पाय बघायचो. तुमचा पाय आणि गडाखालच्या माणसाचा पाय एक नसतो, ताई. जन्मभर अनवाणी चाललेला पाय पुढून पसरतो. दुकानातला बूट त्याला लांबीला बसतो आणि रुंदीला चावतो, मग तो बूट खुंटीला जातो आणि तुम्ही पुण्यात बसून म्हणता, यांना दिलं तरी वापरत नाहीत. म्हणून मी माप मागतो. वर्तमानपत्रावर दोन्ही पाय ठेवायला लावायचे, कडेनं पेन्सिल फिरवायची, वर नाव लिहायचं, आमचा कारागीर त्यावरून बूट शिवतो. ते कागद आणलेत ना तुम्ही? नाही? मग कसं — सर देणार आहेत? वाटप पण सरच करणार? कोण सर?

गहिनीनाथ.

बरं. बरं, बरं. चांगला मुलगा आहे. ओळखतो म्हणजे काय, ताई — मिरजगावहून कॉलेजला आला तेव्हा खोली मिळेना, तर याच दुकानाच्या माळ्यावर झोपायचा, त्या खोक्यांच्या मागं. वरच्या मजल्यावर आमचं घर, तर दोन्ही वेळचं जेवण शरिफाच्या हातचं. शरिफा म्हणजे आमची घरवाली. आम्हाला मूलबाळ नाही, तर ईदला शिरखुर्म्याची पहिली वाटी त्याची, आजही त्याचीच. मला चाचा म्हणतो. गडावर लोकांना न्यायचा धंदा त्याला मीच सुचवला, वाडीतल्या माणसांशी ओळख मीच करून दिली, ओझी न्यायला कोण, स्वयंपाकाला कोण, सगळं. पुण्याचे लोक त्याच्याकडे पैसे देतात, हमालांना बूट द्या म्हणून, आणि तो ते माझ्याकडून नेतो. नेतो म्हणजे… एकदा नेले.

एकदाच. तेच तर — जाऊ द्या. तुम्ही हे मोजे बघा, लोकरीचे आहेत, जाड. नाही, आता विचारलंय तुम्ही, तर सांगतो. भिमाजी म्हणून माणूस आहे रतनगडाच्या बाजूला, बाजारापासूनचा माझा दोस्त. त्याच्या डाव्या पायाची करंगळी नाही, कुऱ्हाडीनं गेली लहानपणी. तर त्याचं माप घ्यायला मी स्वतः गेलो, आणि डाव्या बुटात करंगळीच्या जागी आतून कापसाची बारीक गादी शिवून घेतली, पाय सरकू नये म्हणून. गहिनीनाथनं बूट वाटले त्या दिवशी मीही होतो; बूट घालून भिमाजी अंगणात फिरला, बायकोला म्हणाला, बग गं, करंगळी उगावली. अख्खी वाडी हसली. मी तर परत येताना एसटीत एकटाच हसत होतो, शेजारचा माणूस सरकून बसला.

मग पुढच्या थंडीत गहिनीनाथ म्हणाला, चाचा, दुसऱ्या वाडीत कार्यक्रम आहे, प्रमुख पाहुणे तुम्ही. गेलो. शाल दिली, नारळ दिला, पुण्याची मंडळी खुर्च्यांवर, आणि हमाल ओळीनं उभे, नवे बूट घालून. त्यात कारभारी म्हणून एक जण पाय वाकडा टाकत होता. म्हटलं, काय होतंय? म्हणाला, डाव्यात कायतरी टोचतंय शेट, खडा असंल. मी खाली बसलो, अंगावर शाल तशीच, त्याचा बूट काढला, आत हात घातला — आणि बोटांना ती गादी लागली.

कसं सांगू. कापसाची ती एवढीशी गादी. बूट पुसलेला, पॉलिश केलेला, नव्यासारखा दिसत होता. मग मी ओळीतले सगळ्यांचे पाय बघितले, आणि सगळा माल माझा, ताई, दुसऱ्यांच्या मापाचा. फोटो झाला की बूट गोळा करायचे, पुसायचे, पुढच्या वाडीत पुढच्या पाव्हण्यांसमोर वाटायचे. एकदा नेलेला माल गावोगाव फिरत होता आणि प्रत्येक वेळी पैसे देणारे नवे. मी काय केलं? खिशातल्या चाकूनं गादी काढली, बूट कारभारीच्या पायात घातला. म्हटलं, निदान फोटोपुरता तरी चावू नये. तेवढ्यात गहिनीनाथची हाक — चाचा, इकडं बघा, हसा. हसलो मी. असेल तो फोटो तुमच्या मोबाईलमध्ये, शालवाला म्हातारा. येताना गाडीत नारळ मांडीवर घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, चाचीला सांगा, उद्या जेवायला येतो. सांगतो म्हटलं. आला. पोटभर जेवला.

त्याला विचारलं का नाही? विचारणारच होतो. आधी भिमाजीकडे गेलो, म्हटलं ऐकून तरी घ्यावं. विचारलं, बूट कुठंयत रे? म्हणाला, "असं काय इचारताय शेट, तुमीच न्हाई का माघारी मागिवले? सर म्हनले, माप चुकलंय, गनीभाईला परत पायजेत."

माझं नाव सांगितलं होतं, ताई. माझं. चोरी करायची तर कर, पण माझ्या नावानं? आणि मधे सबंध पावसाळा गेला होता, भिमाजीनं अनवाणी ओझी वाहिली त्यात, दगडांवरच्या शेवाळातून. वर दिवाळीला हा माणूस माझ्यासाठी काळभाताचे तांदूळ घेऊन नगरला आला, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसून चहा प्याला आणि बुटाचा शब्द काढला नाही. त्याला वाटत होतं, गनीभाईनं दिलेलं परत घेतलं, तरी आला. मला वाटत होतं, बूट जपून ठेवले असतील. दोघं बसलो होतो समोरासमोर.

मग मी त्याला काय सांगितलं असेल? सांगा बघू. नाही. मी म्हटलं, हो, मीच मागवले होते.

अहो, मग काय करणार? खरं बोललो असतो तर त्या पट्ट्यातला एक माणूस गहिनीनाथचं ओझं उचलायला आला नसता. धंदा बसला असता त्याचा. आणि ते वर शरिफाच्या कानावर गेलं असतं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती ईदला अजून पहिली वाटी झाकून ठेवते. मी गहिनीनाथला वाचवलं असं वाटतंय का तुम्हाला? मला माहीत नाही मी कुणाला वाचवलं. पुढं भिमाजीला दुसरा जोड करून नेला तर त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेट. पायाला सवय लागायची, अन् तुमी पुन्यांदा मागायचे." हसत म्हणाला. रागावला असता तर मी रात्रभर झोपलो असतो.

हा बघा तो जोड, इथंच आहे. गल्ल्याखाली ठेवतो, गिऱ्हाइकाच्या हाती लागू नये म्हणून. तुमच्या मालात टाकतो, भिमाजीला नेऊन द्या. माझं नाव सांगू नका, सांगितलं तर घालायचा नाही. पुण्याहून आणला म्हणा. नाही, नाही, खरं काय ते तुम्ही सांगायचं नाही. ते माझं मी बघीन. हे सगळं मी तुमच्यापुढं कसं बोलून गेलो, मलाच कळत नाही, मी तर मोज्यांचं सांगत होतो — हळू. जिना वाजतोय.

काही नाही गं शरिफा, बुटांचं चाललंय. पुण्याच्या ताई आहेत. हो, हो, आपल्या गहिनीनाथच्याच ओळखीनं आल्यात. बराय म्हणे तो. तू चहा टाक.

ती वर गेली. ऐका, चहा राहू द्या, चहाला थांबलात तर ती त्याचंच विचारत बसेल आणि तुमच्यानं खोटं बोलवणार नाही, दिसतंय मला. बुटांशिवायचा माल टेम्पोत चढवायला लावतो. मापाचे कागद तुम्ही जाऊन घ्या, तुमच्या हातानं, आणि त्यावरून शिवून झाले की बूटही तुमच्याच हातानं द्या. फोटो झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. कुणी बूट गोळा करायला लागलं तर तिथंच उभ्या राहा, कुणीही असो. जेवढे जोड नेले तेवढे पायांत राहिले पाहिजेत, एवढा हिशोब सरळ ठेवा, ताई. निघा आता.