गाडीच्या तापाचा तक्ता

...आणि घरचे वर मलाच विचारतात, "इंजिन बंद केलंसच कशाला?" आता तुम्हीच सांगा, पेट्रोल पंपावर उभी आहे, डोळ्यांसमोर हीऽऽ एवढी पाटी, 'इंजिन बंद करा', तिथं बंद नाही करायचं तर काय करायचं? केलं बंद. डिझेल भरलं, सुटे पैसे मिळेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. सेल्फ मारला... खर्रर्र खर्रर्र... सेल्फ फिरतोय, पण गाडी ढिम्म! मागे अकरा गाड्या, अकरांचे अकरा हॉर्न, त्यातला एक उतरून आला, "बाई, मी करून देऊ का चालू?" बाई! अहो, चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते मी, मोठमोठे डॉक्टर माझ्यासमोर आवाज खाली करून बोलायचे! म्हटलं, कर बाबा. त्यानं केलं, खर्रर्र खर्रर्र. मग सगळ्यांनी मिळून ढकलली कडेला. दीड तास बसले. आणि दीड तासानं? चावी फिरवली मात्र, एका सेल्फमध्ये चालू! जसं काही झालंच नव्हतं. थंड असताना काय हो, सगळेच शहाणे!

तेवीस वर्षांची आहे माझी गाडी. माझी म्हणजे माझीच हं! घर ह्यांच्या नावावर, फोन ह्यांच्या नावावर, दारावरच्या पाटीवरसुद्धा ह्यांचंच नाव, फक्त गाडीच्या कागदावर माझं. माझ्या पगारातून घेतलेली. तेवीस वर्षांत कुणाला खरचटलंही नाही तिच्यामुळे. आणि आता हा आजार! थंड इंजिन चुटकीसरशी सुरू होणार, पण एकदा गरम झाल्यावर बंद केलं की बसलं फतकल मारून. मग काय, घरातल्यांनी इंजिन बंद करणंच सोडलं. मी बाजारात, हे चालू गाडीत पहारा देत बसलेले. डिझेल जळतंय म्हणून आठ मिनिटांत भाजी आणायची म्हणजे काय आणणार हो? हाताला लागेल ते! महिनाभर आमच्याकडे नुसता दुधी.

नेली मेकॅनिककडे. त्याला सगळे उस्ताद म्हणतात, तोही म्हणवून घेतो. कशी नेली? ओढून, ह्यांना भीती, वाटेत बंद पडली तर! म्हणजे पोचेपर्यंत थंडगार! उस्तादनं चावी फिरवली, झाली चालू. "ताई, गाडी एकदम ओके आहे." म्हटलं, अरे, गरम झाल्यावर बघ. तर म्हणे, "ठेवून जा, सकाळी बघतो." सकाळी! सकाळी ती थंडच असणार ना? डॉक्टरच्या दारात गेलं की पोराचा ताप उतरतो, तसलाच प्रकार. थंड असताना काय हो, सगळेच शहाणे!

बरं, शहाण्यांची आमच्या घरात काय कमी? भावोजी, म्हणजे माझे दीर, टायरचं दुकान आहे त्यांचं, टायर सोडून सगळ्यातलं कळतं. "वहिनी, बॅटरी!" नवी बॅटरी घातली. काही नाही. मग उस्ताद म्हणाला, हीटर प्लग. आता हीटर प्लग लागतात थंड इंजिनाला ऊब द्यायला, आणि माझी गाडी थंडीत कुरकुरतच नाही, म्हणजे तापानं फणफणलेल्या पेशंटवर तुम्ही घोंगडी घालताय! तरी घातले नवे प्लग. काही नाही. मग स्टार्टर उघडला, पुन्हा बसवला. काही नाही. आणि शेवटी उस्तादनं, तुम्हाला सांगते, डोकं खाजवत विचारलं काय? "ताई, सेल्फ मारताना तुम्ही नक्की काय करता?"

तिथं माझं डोकं फिरलं!

आणि त्याच दिवशी जेवताना हे म्हणतात, आवाज अगदी गोड, "अगं, रविवारी एक गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. तुझ्या भावोजींच्या ओळखीतलं." तो दिवस सोमवार. रविवारी माझं नाव असलेला एकमेव कागद जाणार! म्हटलं, पेशंटला नीट तपासलं नाही आणि थेट घरी पाठवायला निघालात? माझ्या वॉर्डात हे चालत नव्हतं!

मंगळवारपासून मी ड्यूटीवर. फ्रीजवर तक्ता लावला. पेशंट, गाडी. वय, तेवीस. तक्रार, तापात हलत नाही. बंद करून पाच मिनिटांत चावी फिरवली, चालू. पंधरा मिनिटांनी, नाही. अर्ध्या तासानं, नाही. दीड तासानं, चालू. तीनदा केलं, तीनदा तेच. सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी निर्दोष, स्टार्टर निर्दोष. मग ह्यांना ऑफिसातून रजा घ्यायला लावली आणि पांढरा रुमाल देऊन सायलेन्सरमागे उभं केलं. "अगं, लोक बघतायत!" बघू देत, रुमाल धरा! सकाळी थंड गाडीला सेल्फ मारला की रुमाल काळा व्हायचा. दुपारी गरम असताना, पांढराशुभ्र. धूर नाही म्हणजे डिझेल आत पोचतच नाही! पेशंटच्या पोटात अन्नच जात नाही आणि तुम्ही त्याला पळायला सांगताय!

आता डिझेल अडतंय कुठं? ताप म्हटला की मला एकच सुचतं, गार पाण्याची पट्टी. बॉनेट उघडलं, आधी पट्टी डिझेलच्या फिल्टरवर. दहा मिनिटं. काही नाही. गाडी पुन्हा फिरवून तापवून आणली, आता पट्टी इंजिनातल्या डिझेल पंपावर. चार वेळा बदलली, पिळून पिळून. दहा मिनिटांनी पट्टी काढली, चावी फिरवली...

चालू! दीड तास लागायचा तिथं दहा मिनिटांत! मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

गुरुवारी गाडी गरमागरम घेऊन थेट उस्तादच्या दारात, मधोमध, इंजिन बंद. म्हटलं, चहा मागव. सावकाश प्यायलो पंधरा मिनिटं. "हं, आता मार सेल्फ." खर्रर्र खर्रर्र. एकदा, दोनदा, पाचदा. घाम फुटला हो उस्तादला! तापलेली गाडी त्यानं पहिल्यांदाच बघितली ना! मग मी पिशवीतून बाटली काढली, पट्टी काढली, ठेवली पंपावर. दहा मिनिटं उस्ताद माझ्याकडे असा बघतोय, जशी काही मीच आजारी आहे. पट्टी काढली. "मार."

चालू.

वाकून पंपावर हात फिरवला त्यानं. मग म्हणाला, "ताई, पंप आतून झिजलाय. डिझेल गरम झालं की पातळ होतं, झिजलेल्या फटींतून निसटतं, प्रेशरच बनत नाही." आणि हळूच, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" म्हटलं, चौतीस वर्षं माणसं तपासलीत रे, तू फक्त गाडी काय सांगते ते ऐकायला शीक! शनिवारपर्यंत पंप दुरुस्त होऊन आला.

रविवारी गिऱ्हाईक हजर. मी मुद्दाम तीस किलोमीटर फिरवून आणली, दारात बंद केली, त्या माणसाला पंधरा मिनिटं बोलण्यात गुंतवलं, आणि चावी दिली हातात. एक सेल्फ! त्याचा चेहरा उजळला, "घेतो मी, आत्ता घेतो!" चांगली केली म्हणूनच जाणार की काय ही? तेवढ्यात हे पुढे झाले, छाती काढून, "माफ करा, गाडी विकायची नाही. आमच्या हिनं बरी केलीय ती!" भावोजींसमोर! अख्ख्या गल्लीसमोर! लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतका अभिमान ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता मी. तरंगत होते हो त्या रात्री!

सोमवारी सकाळी खिळ्यावर चावी नाही. फोन केला. "अगं, ऑफिसला घेऊन आलोय, आता कुठंही बंद करता येते ना!" मंगळवारी भावोजी, "वहिनी, तासाभरात आणतो." गुरुवारी आणली. बिघडलेली होती तेव्हा हिला कुणी हात लावत नव्हतं, आणि आता चावी माझ्या हाती लागत नाही. तपासली मी, बरी केली मी, वाचवली मी... आणि आत्ता इथं कशी आले म्हणून काय विचारता?

चालत!