सगळे आत आलेत, काका

बसा ना सगळे. मागचे पण बसा, सतरंजी आहे अजून.

मला चारचौघांत बोलता येत नाही. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून इथे आखातात बाबांच्या शिलाईच्या दुकानात मशीनवर बसते. तिथे बोलावं लागत नाही. आज बाबाच बोलणार होते, पण उभे राहिले की रडतात. म्हणून मी. आवाज पोचला नाही तर हात वर करा.

तुम्ही आलात. कोण आलं, कोण नाही, हे बाहेर कोणीतरी बघत असणार. तरी आलात.

बाळूकाका माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. दगडाच्या खाणीवर कामाला. राहायचा कामगारांच्या कॅम्पात, पण शुक्रवारी सुट्टीला जेवायला आमच्याकडे, उम्म अल हस्समच्या खोलीवर. दारातूनच ओरडायचा, "काय गो मुके, आज तरी बोलणार, की मासे संपल्यावर?" मी नुसती हसायचे. मग म्हणायचा, "तुला पण एक शिट्टी आणून देतो. बोलू नको, वाजव."

शिट्टी हेच त्याचं काम होतं. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी तो लाल झेंडा वर करायचा आणि शिट्टी मारायचा. शिट्टी झाली की हातातलं टाकून सगळ्यांनी पळायचं, पत्र्याच्या आडोशाला. झेंडेवाल्याने मात्र उघड्यावर उभं राहायचं. आतून हाक येणार, "सगळे आत! ये!" तेव्हाच त्याने यायचं. आधी नाही. तसा नियमच होता त्यांचा.

तो झेंडा मी शिवून द्यायचे. लाल पॉपलिन, दुहेरी शिलाई. उन्हाने विटला की नवा.

संप कशासाठी होता? बाहेर काहीही बोलतात, म्हणून सांगते. सुरुंग उडाल्यावर धूळ बसेपर्यंत थांबू द्या, एवढंच मागत होते. नवा फोरमन थांबूच देत नव्हता. "यल्ला, यल्ला" करून धुळीतच आत पाठवायचा. वरचा सुटलेला दगड धुळीत दिसतो का? काकाबरोबर खाणीत असलेल्या इब्राहिमचाचांच्या भाच्याचा पाय असाच गेला. दुसऱ्या दिवशी कोणी कामाला हात लावला नाही. खाणीत जमिनीवर बसून राहिले.

मग गाड्या आल्या. बंदूकवाले उतरले आणि रांग करून उभे राहिले, नेमके त्या आडोशासमोर. त्यांना काय माहीत तो पत्रा कसला.

काही पोरांनी दगड मारले. हो, मारले. काकाच्या नावाने मी खोटं नाही बोलणार. मग धूर सोडला. डोळे जळायला लागले, कोणाला धड काही दिसेना. आणि बंदुका वर झाल्या.

काकाने ते बघितलं. त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. कायम हाताशी असायचा तो झेंडा वर केला. शिट्टी मारली.

आणि सगळे पळाले. कुठे? आडोशाकडे! इतकी वर्षं शिट्टी झाली की पाय तिकडेच जायचे. विचार कोण करतो? पण बंदूकवाल्यांना काय दिसलं? लाल झेंडा वर झाला, शिट्टी झाली, आणि एवढी माणसं अंगावर आली.

त्यांनी गोळ्या झाडल्या.

इब्राहिमचाचा, तुम्ही पुढेच बसलाय. सलमानियाच्या इस्पितळात बाकड्यावर तुम्ही मला सांगितलंत, "पोरी, आम्ही पालथे पडलो, सरपटत आत गेलो. बाळू उभाच. आमच्याकडे बघत होता. मला ओरडायचं होतं गो, घशात धूर होता. आवाजच निघाला नाही."

चाचा, रडू नका. तुमचा काही दोष नाही.

तो हाकेची वाट बघत होता. सगळे आत आले की नाही, ते बघत होता.

आता लोक म्हणतात, बाळूने इशारा दिला, अंगावर जा म्हणून. आपल्यातले पण म्हणतात. परवा तिकडे अदलियात राहणाऱ्या एक काकू दुकानात आल्या. "तुमच्या भावाला पुढारी व्हायची काय गरज होती? आता सगळ्यांचे व्हिसा जातील." बाबा हातातलं कापड पुन्हा पुन्हा मोजत राहिले.

पुढारी? अहो, तो पुढे कधीच नव्हता. तो सगळ्यांच्या शेवटी आत यायचा.

उद्या बाबा काकाला घेऊन गावी चाललेत, रत्नागिरीला. आजी विचारेल, माझा बाळू कसा गेला? तिच्या कानावर काय पडायचं, ते आता तुमच्या हातात आहे. तुमच्यातल्या कोणी घरी फोन केला, कोणी सुट्टीवर गेला, तर एवढंच सांगा. त्याने शिट्टी मारली ती लपा म्हणून. दुसरं काही नाही. बास.

आता उभे राहूया. जरा वेळ कोणी बोलू नका. मग चाचा, तुम्ही सुरुवात करा. खाणीवर जशी हाक मारता तशी, मोठ्याने. आपण सगळे मारू. मी पण.

मुकी म्हणायचास ना? ऐक आता.

सगळे आत आलेत, काका. ये.